पंचवीसशे एकवीसांची पंगत

एक राजा होता, बरं का, आणि त्याच्या गावाला पाणीच नव्हतं. बायका कोसभर लांबून घागरी आणायच्या. मग राजाने तळं खणायला घेतलं. अख्खं गाव कुदळी, टोपल्या घेऊन आलं. तळं खोल गेलं, आणखी खोल गेलं, पण कोरडं ठणठणीत.

तेवढ्यात तळाच्या खडकातून जलदेवी बोलली. तिने सांगितलं, ज्यांनी ज्यांनी हे तळं खणलं त्यांना इथेच जेवू घाल. पंगती सगळ्या सारख्या हव्यात. आणि कुणी उरता कामा नये. मग मी येईन.

राजाने माणसं मोजली. पंचवीसशे एकवीस भरली. त्यात सगळ्यांत धाकटी होती येसू. तिने एकच टोपली माती वाहिली होती, कारण दुसरी तिला उचलेचना.

मग प्रधानाने दोनदोनांच्या पंगती बसवल्या. येसू उरली. बरं, तीनतीनांच्या बसवल्या. येसूच उरली. चारचारांच्या, पाचपाचांच्या, अगदी दहादहांच्या बसवून पाहिल्या. दरवेळी बिचारी येसू आपलं रिकामं पान हातात धरून उभी. अकरांच्या केल्या, तर तिच्या जोडीला एक म्हातारा उरला. तेरांच्या केल्या, तर बारा जण उरले! सगळे थक्क झाले. एवढा मोठा आकडा, पण कुणापुढे वाकेना.

मग प्रधान म्हणाला, "महाराज, या पोरीला घरी पाठवा. मग दोनांपासून दहांपर्यंत हव्या तशा पंगती करा, एक माणूस उरणार नाही."

आणि खरंच, बरं का! येसूला बाजूला केलं की तोच आकडा गाईसारखा गरीब व्हायचा. दोन म्हणा, सात म्हणा, नऊ म्हणा, सगळ्यांच्या पंगती बरोबर बसायच्या. राजालाही मोह झाला. पानं मांडली, भात आला.

तेव्हा येसूची आई पानावरून उठली. म्हणाली, "महाराज, तिने उपसलेली माती आधी तळ्यात परत टाका. मग नेते मी तिला घरी."

मग राजा खाली बसला आणि पंचवीसशे एकवीस खडे घेऊन स्वतः मांडू लागला. कितीकितींच्या रांगा केल्या, पण दरवेळी काहीतरी उरेच. राजा त्या खड्यांकडे बघतच राहिला. मग त्याने हात जोडले.

"हा आकडा फुटायला तयारच नाही," तो म्हणाला. "मग आपण त्याला का फोडतोय? सगळ्यांची एकच पंगत मांडा."

मग काय, तळ्याच्या काठाने गोल पंगत बसली. गोल पंगतीला शेवट कुठला? येसू आईच्या मांडीला मांडी लावून बसली. राणीने भात वाढला, राजाने तूप वाढलं. सगळ्यांनी पहिला घास घेतला, खडक ओला झाला. दुसरा घास घेतला, झरा फुटला. तिसरा घास घेतला, आणि पाणी वर येऊन येसूच्या पायांना लागलं.

पुढे त्या गावात कुणाची घागर रिकामी राहिली नाही. सगळी सुखात नांदली. आता सरका जरा, सगळ्यांच्या अंगावर एकच गोधडी घालते. झोपा बाळांनो.