टोकाचं शेत

"आठ दिवसांत निर्लोभी माणूस आणून उभा कर, नाहीतर तुझी जमीन सरकारजमा!" राजा रणधवलानं केरबाला सुनावलं आणि अख्ख्या दरबारानं माना डोलावल्या. दरबाराच्या माना त्यासाठीच पाळलेल्या होत्या.

केरबाचा गुन्हा एवढाच, की तो खरं बोलला होता. राजानं नदीला बांध घालून चार कोस लांब पाट काढला होता. पाटाच्या तोंडाशी एक दार होतं, दारावर राजानं नेमलेला कारभारी, आणि पार टोकाला टोकवाडी. टोकवाडीला पाणी पोचायचं ते फक्त सरकारी दप्तरात. दार सांभाळणाराच पाणी पळवतो, अशी फिर्याद तिथल्या केरबानं केली आणि महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या: मग दारावर बसवायला निर्लोभी माणूस तूच आण!

झोंबणारच. महाराजांनी कारभारी काही असेतसे नेमले नव्हते. पहिला होता शूर सरदार. त्याचा ऊस पुरुषभर वाढला. दुसरे शास्त्रीबुवा. लोभ कसा सोडावा यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. दाराशी बसून ग्रंथाचा दुसरा भागही लिहिला, पण तो स्वतःच्या पडवळाच्या गार मांडवाखाली. तिसरा राणीसाहेबांचा भाऊ, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. चौथे साक्षात गोसावी, अंगावर फक्त लंगोटी. वर्षभरात त्यांच्या मठाभोवती केळीची बाग उभी राहिली. लंगोटी मात्र तीच होती, एवढं कबूल करायला हवं.

केरबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "भिवरे, जमीन गेली बघ. बिनलोभाचा माणूस मी कुठनं आणू?"

त्याची लेक भिवरा ज्वारी पाखडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, "राजाला चार खेपेत घावला नाही, तो आपल्याला आठ दिवसांत कुठं घावतोय? तुम्ही जेवा, आबा. आठव्या दिवशी मी येते संगं. जाताना म्हादबाकाकाला घेऊ."

"म्हादबाला?" केरबाचा घास हातातच राहिला. म्हादबा कणसे म्हणजे देवापुढचा नारळ फुटायच्या आधी खोबऱ्यासाठी हात पसरणारा माणूस. पण केरबाला दुसरं काही सुचत नव्हतं. तो पुन्हा जेवू लागला.

इकडे दरबारही रिकामा नव्हता. माणूस मुळात सज्जन की मुळात चोर, यावर दोन पंडितांचा वाद आठ दिवस रंगला. रोज पंगती उठल्या, दक्षिणा वाटली गेली. टोकवाडीची ज्वारी तेवढ्यात आणखी थोडी वाळली.

आठव्या दिवशी भिवरा दरबारात उभी राहिली. मागे केरबा हात जोडून उभा होता आणि म्हादबा गालिच्याची किंमत काढत होता.

"आणलास निर्लोभी माणूस?" राजानं विचारलं.

"नाही महाराज. टोकवाडीतला सगळ्यांत लोभी आणलाय. दार याच्या हाती द्या."

दरबार फिदीफिदी हसला. म्हादबाला राग यावा की आनंद व्हावा ते कळेना.

"पोरी, थट्टा करतेस?"

"थट्टा कशी करीन? आमची जमीन टांगणीला लागलीय. महाराज, म्हादबाकाकाचं शेत पाटाचं अगदी शेवटचं. वरची सगळी शेतं भिजल्याशिवाय त्याच्या वाफ्यात थेंब पडत नाही. दार त्याच्या हाती आलं, की वाटेत पाणी कुणाला मुरवू देणार नाही तो. गाळही काढील. पुण्य म्हणून नव्हे, स्वतःच्या ज्वारीसाठी!"

"आणि वरच्यांचंच पाणी तोडलं तर?"

"पाट त्यांच्या बांधावरून जातो, महाराज. आपली पाळी झाल्याशिवाय ते पाणी पुढं सोडतात होय? वरच्याला खालचा लुटत नसतो. उलटं मात्र रोज होतं."

राजानं मिशीवर बोट फिरवलं. "मग तुझ्या बापालाच का नेमू नये? तो तर भला दिसतो."

"भलाच आहे, म्हणून नको. वरच्यानं 'केरबा, आणखी थोडं राहू दे' म्हटलं, की आबा भिडेपोटी देऊन मोकळा."

"तुमचं शेत कुठं?"

"म्हादबाकाकाच्या अलीकडं."

"म्हणजे त्याच्याआधी तुम्हाला पाणी!"

"होय महाराज. मी तरी कुठं निर्लोभी आहे?"

राजा हसणार होता, पण राजेपण आडवं आलं. डोळे बारीक करून त्यानं विचारलं, "पाटाला पहिला फाटा कुणाचा, ठाऊक आहे?"

सगळ्यांना ठाऊक होतं. दाराला लागूनच महाराजांची बाग होती आणि तिच्यात बारा महिने कारंजी उडत. प्रधानजींना एकाएकी खोकला आला. केरबानं डोळे मिटून घेतले.

"येताना पाहिला," भिवरा म्हणाली. "म्हणूनच चारही कारभारी बिघडले. पहिलं पाणी महाराजांनी घ्यायचं, मग दुसरं त्यांनी घेतलं तर त्यांना कुणी काय म्हणायचं?"

राजाचा चेहरा लाल झाला. मग ओठ हलले, पोट हललं आणि सिंहासन हादरेल इतक्या मोठ्यानं तो हसला. राजा हसतोय हे पाहून दरबारही घाईघाईनं हसला. पंडित सर्वांत मोठ्यानं.

"जमीन तुझ्या बापाची. दार म्हादबाचं. आणि हे तुझं," राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. "आणखी काय हवं ते माग."

"महाराजांची बाग हलवा."

"कुठं?"

"टोकवाडीच्या पुढं. म्हादबाकाकाच्या शेताच्याही पलीकडं."

"अगं, तिथवर पाणी पोचेल का?"

"बाग तिथं गेली," भिवरा म्हणाली, "की पोचेल!"

राजाला पुन्हा हसू फुटलं, ते आवरेचना. दुसऱ्याच दिवशी गुलाबांची रोपं बैलगाड्यांत चढली. आठवडाभरात टोकवाडीला पाणी आलं आणि पाटातला गाळ उपसायला कुदळ घेऊन सर्वांत पुढे होते ते स्वतः प्रधानजी.