परतीचा कातळ

टेंभुर्णपाड्याच्या वरच्या अंगाला एक रुंद, सपाट कातळ आहे. त्याची एक कड दरीत तुटते आणि दुसरी पाड्यातल्या पहिल्या घराच्या अंगणाला भिडते. दरीकडचा भाग खरबरीत, शेवाळाने काळवंडलेला. पाड्याकडचा मात्र गुळगुळीत, जागोजागी किंचित खोलगट. तो टाचांनी झिजला, असे पाड्यातले लोक सांगतात. पाण्यानेही दगड असा झिजतो. पण कातळाचा उतार दरीकडे आहे, आणि झीज उलट्या अंगाला.

तांबडे फुटताना पाड्यातला प्रत्येक जाणता माणूस अनवाणी येथे येतो. तोवर त्याने कोणाशी शब्द बोललेला नसतो. दरीकडे जाताना तो गुडघे वाकवतो, अंग जमिनीलगत आणतो आणि केवळ चवड्यांवर चालतो. पाऊल टेकण्याआधी दगडाची थंडी, ओल, खाच तळव्याने पारखून घेतो. कडेशी थांबून वारा नाकाने, रान कानाने तपासतो. मग वळतो, आणि परत येताना टाच टेकून येतो. याला ‘चाल’ म्हणतात. बाहेरच्यांना ती व्यायाम वाटते, क्वचित नाच.

पाड्याचे आजचे भगत, लखमा भुसारा, पाहुण्यांना अंगणाच्या कडेला बसवतात आणि चालीची कथा सांगतात. सुरुवात ठरलेली असते: “बापानं सांगितलं तसं सांगतो. खरं किती, ते ज्याचं त्यानं ठरवा.”

फार पूर्वी, असे सांगतात, चाल रोजची नव्हती. ती वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला होई. त्या दिवशी ढोल वाजे, भगताच्या अंगात वाघदेवाचे वारे येई, आणि भगत वाघ होऊन कातळावर फिरे. दिवस कलला की ढोल थांबे, कोणीतरी तोंडावर पाणी मारी, आणि भगत उठून घरी जेवायला जाई. वारे आणायचे कसे हे सगळ्यांना ठाऊक होते. ते जाते कसे, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. कारण ते आपोआप जात असे.

त्या काळी जिव्या नावाचा भगत होता. तरणा, अंगाने सडसडीत, आणि स्वभावाने थोडा आळशी. त्याची चाल इतकी हुबेहूब की बांधलेली गुरे दावी तोडत, म्हणे. एका वाघबारशीला ढोल थांबला, पाणी मारले गेले, आणि जिव्या उठला नाही. तो चवड्यांवर तसाच बसून राहिला. पुढ्यात भात ठेवला तर त्याने वास घेऊन मान फिरवली. आई बुधी जवळ गेली तेव्हा तिच्यावर गुरगुरला, आणि सरकत सरकत दरीच्या कडेला जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी पाड्याच्या खालच्या अंगाला एक शेळी फाडलेली सापडली. ती खऱ्या वाघाने मारली की आणखी कोणी, हे कथेत येत नाही. त्या वेळी कोणी विचारलेही नाही. पाड्याचा कारभारी रावज्या याने माणसे जमवली. कोणाच्या आठवणीत वापरावा न लागलेला एक जुना दंडक होता, की ज्याचे वारे अमावास्येपर्यंत उतरत नाही, तो माणूस उरला नाही असे धरायचे, आणि पाड्याच्या शेळीचे रक्त लागलेल्या वाघाचे जे करतात तेच त्याचे करायचे.

“माझ्या पोराला बाण मारणार तू?” बुधीने विचारले.

“तुझा पोर असंल तर नाय मारणार,” रावज्या म्हणाला. “आत पोर हाय का, येवढं दाखव.”

वारे ढोलाने आले, तर ढोलानेच जाईल, असा पाड्याचा हिशेब झाला. ढोल आणला. पहिल्या थापेबरोबर जिव्याचे अंग ताठले, आणि तो आणखी मागे सरकला. मागे आता केवळ दोन हात दगड होता. थाप वाढली तसा त्याचा एक पाय कडेवरून निसटला. खडे सुटून दरीत गेले, आणि त्यांचा आवाज बराच उशिरा वर आला.

तेव्हा जिव्याची बायको रेवली ढोलासमोर उभी राहिली आणि तिने चामड्यावर हात दाबून धरला. “ह्यानंच बोलावलंत तुम्ही त्याला. आणखी किती बोलावाल?”

बायकांनी वाघबारशीच्या कातळावर पाऊल टाकू नये असा नेम होता. रेवलीने तो मोडला. तिला मंत्र येत नव्हते. पण लग्नापासून रानाच्या पायवाटेने ती नवऱ्याच्या मागून चालत आली होती. त्याचे पाऊल कुठे जड पडते, कुठे डगमगते, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. ती वाकली, चवड्यांवर आली, आणि त्याच्यासारखी चालू लागली. जिव्याने तिला जवळ येऊ दिले.

मग तिने एक पाऊल बदलले. चवड्यामागून हळूच टाच टेकली. जिव्या गुरगुरला, तसे तिने पाऊल मागे घेतले आणि पुन्हा वाघ झाली. काही वेळाने पुन्हा टाच. पुन्हा गुरगुर. असे दिवसभर चालले. तिसऱ्या प्रहरी जिव्याने एकदा, क्षणभर, आपली टाच दगडाला लावली आणि चटका बसल्यासारखी उचलली.

अंगणाच्या कडेला बसलेल्या बुधीच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. रेवलीची टाच टेकणे थांबले होते. ती माणसांच्या दिशेने पाहत होती, पण ओळखीने नव्हे. तिचे नाक हलत होते. म्हातारीने हाक मारली, रेवलीने मान वळवली नाही. पुन्हा हाक मारली. तिने ओठ मागे ओढले. एकाला आणायला गेलेली दुसरीही जात होती. रावज्याने बाणांच्या भात्याकडे हात नेला.

बुधीला ना देव सुचला ना मंत्र. तिच्या तोंडी रोजचेच आले.

“रेवले! भात लागला गं तुझा! सगळ्या पाड्यात वास सुटलाय. आईनं काय शिकवलं की नुसतंच नांदायला धाडलं?”

रेवली थबकली. सासूने तिच्या आईचे नाव काढले की ती गप्प बसत नसे, हे पाड्याला माहीत होते. तिचा जबडा हलला, घशातून आधी नुसती खरखर निघाली, आणि मग शब्द आले: “तुमच्या लेकाला जेवायला मिळतंय ना? मग आईवर कशाला जाता!” टाच दगडावर आपटली. ती उभी राहिली, म्हणे, घामाने भिजलेली.

अमावास्येला ऊन उतरताना रावज्या आणि तीन धनुर्धारी अंगणात उभे राहिले. रेवली कातळावर होती, बुधी कडेला. जिव्या अर्ध्या कातळापर्यंत आला होता. एक टाच टेकत होती, दुसरी नाही. पाठ अजून वाकलेली होती.

“कोण रं तू?” रावज्याने विचारले. उत्तर आले नाही. “आवशीचं नाव सांग.” नाही. रावज्याने बाण लावला आणि दोरी ओढली. रेवली बाणासमोर आली नाही. ती जिव्याच्या शेजारी टाच टेकून तशीच चालत राहिली, कारण ती थांबली असती तर तोही थांबला असता.

बुधी उठून उभी राहिली. तिचा आवाज फाटला होता, तरी त्यात रोजची धार होती. “जिव्या! सोद्या! पावसाआधी कूड सारवतो म्हणालास. सगळा पाऊस घरात आला. कवा सारवणार रं, मी मेल्यावर?”

मग जिव्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, “उद्या सारवतो.”

रावज्याने दोरी सैल सोडली. “हा जिव्याच,” तो म्हणाला. “वाघ उद्यावर ढकलत नाय.” कोणीतरी हसले, आणि बुधी मटकन खाली बसून रडू लागली.

कथा येथे संपावी असे ऐकणाऱ्याला वाटते. लखमा भुसारा येथे संपवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवलीला जाग आली तेव्हा जिव्या दाराशी चवड्यांवर बसला होता, रानाकडे तोंड करून. वारे गेले नव्हते. केवळ परतीची वाट कळली होती. तिने त्याला कातळावर नेले, सोबत चालली, बुधीने कडेवरून शिव्या घातल्या, आणि तो परत आला. तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे तो जगला तोवर रोज तेच. रेवलीला ताप आला त्या सकाळी शेजारीण चालली. शेजारीण बाळंत झाली तेव्हा खुद्द रावज्या. एका माणसाला परत आणता आणता पाडाभर चाल शिकला, आणि शिकताना प्रत्येकाला उमगले, असे सांगतात, की सकाळी उठल्यावर आपणही थोडे इकडे-तिकडे असतोच. जिव्याचे तेवढे दिसत होते. तो वारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना सगळे सवयीने कातळावर आले. आणायला कोणी नव्हते. तरी चालले.

आजही ढोल वाघबारशीलाच वाजतो, आणि त्या सकाळी चाल न केलेल्याला वाजवू देत नाहीत. आजही चालणाऱ्याच्या मागे, अंगणाच्या कडेला, एक जण बसतो आणि चालणारा वळला की त्याला घरगुती टोमणा मारतो: मोडलेली खाट, थकलेले वचन, सासुरवाडीची फजिती. टोमण्याला उत्तर आले की माणूस आला असे धरतात. नव्या नवरीला पहिल्या वर्षी चालू देत नाहीत. तिला बोचेल असा टोमणा अजून कोणाला ठाऊक नसतो.

हल्ली शहरातूनही लोक येतात. मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका बाईंनी चाल बारकाईने पाहून घेतली. वाकणे, तळव्याने दगड वाचणे, श्वास. ही रोज सकाळी आपल्या घरी, शांतपणे, एकटीने केली तर चालेल का, असे त्यांनी विचारले.

लखमा भुसारांनी अंगणाच्या कडेला टोमणे मारणाऱ्याच्या जागेकडे पाहिले.

“जायाला चालंल,” ते म्हणाले.