यमीबाईचा पाळणा

ही गोष्ट मला नीट आठवते, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. लहानपणी ती इतक्या जणींच्या तोंडून ऐकली, की कुठला भाग कुणी सांगितला हे आता वेगळं करता येत नाही. पुढं पुस्तकं वाचून वाचून माझ्या आठवणींना आपणहून दुरुस्त्या करायची खोडही लागली. तेव्हा कुठं चुकलो, तर समजून घ्या.

आमच्या तालुक्यात आगगाडी यायची होती, त्या काळी गोदावरीच्या काठच्या आमच्या वाघोळ्यात ख्रिस्ती लोकांची थोडी घरं होती आणि त्यांचं मातीच्या भिंतींचं एक देऊळ होतं; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. त्या घरांपैकी एकात एक बाई राहायला आली. तिचं नाव यमीमा. गाव तिला यमीबाई म्हणायचं.

यमीबाई जन्मली समुद्रापलीकडं, आफ्रिकेत. माणसं विकणाऱ्यांनी तिला लहानपणीच पळवलं आणि गलबतात कोंबलं. ते गलबत इंग्रजी आरमारानं भर समुद्रात पकडलं. दाट धुक्यात शिपायांना ते दिसत नव्हतं. आतून एका पोरीचं गाणं ऐकू आलं, त्या गाण्याच्या मागानं ते पोचले, असं म्हणतात. सुटलेली मुलं मुंबईला उतरली, आणि त्यांतली यमी नाशकाजवळच्या एका मिशनच्या आश्रमात आली.

तिथं ती मराठी शिकली ती जात्यावर. दळणाऱ्या बायकांच्या ओव्या ऐकून तिच्या तोंडी मराठी आली, ती ओवीच होऊन आली. मग पाळकांनी सांगितलेली येशूची प्रत्येक गोष्ट ती ओवीत बसवू लागली.

मेंढरू हरवलं, काट्याकुट्यांच्या रानात,
धनी हिंडतो शोधीत, दिवा घेऊन हातात.

आश्रमातच तिचं लग्न झालं. नवरा याफेत, तोही तिच्याच किनाऱ्याकडचा, हातात सुतारकी असलेला. आमच्या देवळाचं छप्पर करायला तो वाघोळ्याला आला आणि दोघं इथलीच झाली.

यमीबाई कीर्तनाच्या मेळ्यात गाऊ लागली. गावोगावच्या बाजारांत मेळा उभा राही. जे आमच्या घरचं पाणी पीत नसत, तेही आपापलं पाणी बरोबर घेऊन तिला ऐकायला येत. ती गाऊ लागली, की जातं कापसासारखं हलकं व्हायचं. मोटेचे बैल तिच्या तालावर पावलं टाकायचे. एकदा मोटकरी विहिरीवरून ओरडला होता, "अगं यमीबाई, जरा दमानं गा की! बैल माझे नाचायला लागले!" तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांनाही घाला की मेळ्यात. तुमच्यापेक्षा ताल बरा आहे त्यांचा." असं म्हणतात.

यमीबाईला दोन लेकरं झाली. दोन्ही पाळण्यातच गेली. याफेतनं त्यांच्यासाठी शिसवी पाळणा केला होता. तो पाळणा तिनं देवळाला देऊन टाकला आणि नाताळासाठी एक गाणं रचलं.

जो जो रे बाळा, गोठ्यामधल्या बाळा,
दारं मिटली साऱ्या गावाची, गाईनं दिला थारा.

त्या काळी नाताळच्या सकाळी आमच्या देवळात तो पाळणा झेंडूनं सजवत. बायका भोवती उभ्या राहत, दोरी ओढत आणि बाळयेशूचा पाळणा गात. पण जिची लेकरं जगली नाहीत, तिनं दोरीला हात लावायचा नाही. ही रीत बायबलात कुठं नाही. देव बदलला तेव्हा बाकी बरंच सोडून आलो, ही एवढी मात्र गाठोड्यात बांधून आणली. म्हणून दर नाताळला यमीबाई उंबऱ्याबाहेर बसून गायची आणि आतल्या बायका तिच्या गाण्यावर दोरी ओढायच्या.

एका पावसाळ्यात तापानं याफेत गेला. त्या नाताळला यमीबाई उंबरा ओलांडून आत आली आणि तिनं दोरी हातात घेतली.

"एकदाच ओढते," ती म्हणाली. "पुन्हा कधी मागणार नाही."

पाळकीणबाई पुढं झाल्या. त्यांनी तिच्या मुठीतून दोरी सोडवून घेतली. "यमे, तू गळा दे. हात नको देऊस. लेकुरवाळ्या बायका आहेत इथं."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि बाळ काळं झालं म्हणजे?" आणि बायका हसल्या. पुरुषही हसले, असं म्हणतात. एकानंही त्यांना गप्प केलं नाही.

त्या पाळकीणबाई म्हणजे माझी पणजी. आमच्या घरी ही गोष्ट सांगताना इथं आवाज खाली यायचा, आणि "एक बाई पुढं झाली" एवढंच म्हटलं जायचं.

यमीबाई मागं फिरली. उंबऱ्याबाहेर आपल्या जागी बसली. पाळणा तिनं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटला. मग उठली आणि सरळ नदीकडं चालू लागली. धोंडू कोळ्याच्या नावेतून ती पलीकडं गेली. तिकडं महारोग झालेल्यांची खोपटं होती. अंगावर चट्टा दिसला की गावोगावचे लोक माणसाला तिथं नेऊन सोडत. आम्हीही सोडत होतो.

दुसऱ्या दिवसापासून वाघोळ्यातली तान्ही मुलं झोपेनात. ख्रिश्चनांचीच नव्हे, साऱ्या गावाची. अंगारे झाले, प्रार्थना झाल्या, घुट्ट्या झाल्या. मग एका संध्याकाळी पलीकडून वारा आला आणि त्याच्याबरोबर यमीबाईचा आवाज आला. तिकडं ती कुणाला तरी निजवत होती. इकडं सारी मुलं एका दमात झोपली.

त्यानंतर रोज सूर्य कलला की आया मुलांना घेऊन नदीवर येऊन बसायच्या.

"वारा फिरला की गं आज," एखादी म्हणायची.

"गप बस. तू तर सगळ्यांत मोठ्यानं हसली होतीस."

"आणि तू काय रडत होतीस काय?"

मग दोघी पोरांना थोपटत वाऱ्याची वाट बघायच्या.

वर्ष असं गेलं. पुढच्या नाताळला पाळणा सजला, बायकांनी दोरी ओढली, आणि पाळणा हलला नाही. पुरुषांनी ओढून पाहिली. पाळणा दगडासारखा उभा. तेव्हा पाळकांनी आणि वडील मंडळींनी डोकी खाली घालून धोंडूला नाव घेऊन पाठवलं. यमीबाई आली. सगळ्यांनी तिला आत बोलावलं. पण ती आपल्या जुन्या जागी, उंबऱ्याबाहेरच बसली. मग पुरुषांनी पागोटी सोडून दोरीला बांधली आणि दोरी तिच्यापर्यंत नेली. तिनं एकदा ओढली, आणि पाळणा हलला. तिनं आम्हाला क्षमा केली, असं म्हणतात.

म्हणून आमच्या देवळात आजही पाळण्याची दोरी उंबऱ्याबाहेर जाईल एवढी लांब असते. नाताळच्या सकाळी ती बाहेर पायरीवर टाकतात. आत कुणी दोरीला हात लावत नाही, कुणी गात नाही. जिला मूल नाही अशी एखादी, किंवा वाटेनं जाणारी कुणी परकी बाई, येऊन ती ओढते. तोवर सारे उभे असतात. कधी दुपार होते. मुलं कुरकुरतात, पण मोठी माणसं जमिनीकडं बघत उभी राहतात. पाळणा हलला की मग यमीबाईचं गाणं सुरू होतं.

शाळेतली मास्तरकी संपली, साठी उलटली, तेव्हा मी एकदा पलीकडं गेलो. तिकडं आता नीट गाव आहे. रोग्यांची जी पोरकी मुलं यमीबाईनं वाढवली, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांची घरं आहेत, आणि तिची कबर त्यांच्या मधोमध आहे. दीनाबाई नावाच्या म्हातारीनं मला चहा दिला. मी तिला आमच्याकडची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग हसली.

"आमची आजी? तिकडं आली होती? कुणी सांगितलं हो तुम्हाला?"

"नाव गेली होती ना तिला आणायला?"

"नाव आली होती, ते खरं. पण इथं झोळ्यांतून पोरं रडत होती. ती धोंडूला म्हणाली, पोरं निजली की येते. आता तुम्हीच सांगा गुरुजी, इतकी पोरं कधी एकदम निजतात का?"

"म्हणजे तिचा राग होता?"

"राग कसला? सवड नव्हती तिला."

माझा विश्वास बसेना. मी तिथल्याच आणखी चार घरी विचारलं, मग परत येताना धोंडूच्या पणतवाला विचारलं. त्याच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले होते. त्या नाताळला नाव रिकामीच परतली होती.