रिकामी सोडलेली ओळ

“पण अपुऱ्या वहीवर मी सही करू तरी कशी, सर?”

ठोसर सर परसात लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. निवृत्त झाले तरी तऱ्हा तीच.

शलाका निंबकर त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता त्यांच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. प्रथम वर्षाच्या मुलांसाठी तिने खपून एक मार्गदर्शक वही केली होती. अर्धं छापलेलं, अर्धं मुलांनी विचार करून भरायचं. वही पूर्ण, तर सही. सही नाही, तर परीक्षा नाही.

आणि त्या वहीचा तिला अभिमान तरी केवढा! रिक्षा करून गठ्ठाच घेऊन आली होती.

“या सगळ्यांच्या वह्या बघा. एक जागा रिकामी सापडायची नाही. हिलाच तेवढी काय धाड भरली होती?”

ही म्हणजे वर्षाराणी वाघमोडे. फाटकाशी उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले. आज सही झाली नाही तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरचे पुन्हा कॉलेजचं नाव काढू देणार नव्हते.

सरांनी झारी ठेवली, हात पुसले. गठ्ठ्यातली वरची वही उघडली.

‘चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत वर पोचला, तेव्हा त्याचा वेग शून्य. त्या क्षणी त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, ______.’

त्या जागी सुबक अक्षरात लिहिलं होतं, शून्य. खाली शलाकाची सही.

दुसरी वही. शून्य. सही.

तिसरी. शून्य. सही.

“अक्षर मात्र छान आहे हो एकेकाचं,” सर म्हणाले.

शलाकाचा चेहरा खर्रकन उतरला. एकाने चुकीचं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं, आणि आपण पान भरलंय एवढंच बघून सह्या ठोकल्या…

मग सरांनी वर्षाराणीची वही उघडली. जागा रिकामी. बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ.

‘वेग नाही, त्वरण पण नाही, मग तो खाली कशाला येईल? मला कळलं नाही.’

सरांनी ती ओळ दोनदा वाचली.

“ये गं इकडे.”

त्यांनी एक लिंबू तोडलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

“फेक.”

तिने फेकलं. झेललं.

“पुन्हा.”

तिने पुन्हा फेकलं. आणखी एकदा. आता तिला सर दिसत नव्हते नि मॅडमही दिसत नव्हत्या.

…

“अय्या, सर!” ती एकदम ओरडलीच. “वर असतं तेव्हापण पृथ्वी त्याला ओढतच असते की! ती कुठं सुट्टी घेते? वेग शून्य झाला तरी ओढ तेवढीच. जाताना, वर असताना, येताना… तेवढीच! त्वरण शून्य नाहीच मुळी!”

“शाब्बास!” सरांनी अशा टाळ्या पिटल्या की शेजारचे कुंपणावरून डोकावले.

वर्षाराणी लिंबू घट्ट धरून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शलाकाने धावत जाऊन तिला मिठीच मारली.

“जिंकलीस गं पोरी! आण ती वही, आत्ता करते सही. बाकीच्यांना उद्या एकेक लिंबू देऊन मैदानात उभं करते, बघच. फक्त आधी ती जागा भरून टाक.”

वर्षाराणीने पेन उघडलं. सरांनी पानावर हात ठेवला.

“राहू दे.”

“अहो सर, पण वही अपुरी…”

“शलाका, सही कर. आणि पुढच्या वर्षी वही छापायला देशील, तेव्हा हे पान असंच दे. पेन्सिलीच्या ओळीसकट.”