शिरवळपरी आणि ठमीचे लाल गाल

खाडीच्या काठाला पांढरीशुभ्र मिठागरं होती. ऊन पडलं की मिठाचे ढीग असे लखलखायचे, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, इथं कुणी चांदण्याच वाळत घातल्यात! पण त्या लखलखाटात दिवसभर मीठ ओढणाऱ्या बायांची तोंडं मात्र भाजून निघायची. सोनकीची आई त्यांच्यातलीच एक होती.

सोनकी आठ वर्षांची. बाबा दूर गलबतावर कामाला गेलेले. करंजाच्या झाडाखाली त्यांची झावळ्यांची झोपडी होती आणि झोपडीत होती सहा महिन्यांची ठमी, सोनकीची इवलीशी बहीण. आई कामावर गेली की ठमीला सोनकी सांभाळायची.

त्या वर्षीचा वैशाख फार वाईट आला. ऊन तर होतंच, पण वाराही कुठंतरी हरवला होता. हवा ओल्या गोधडीसारखी अंगाला चिकटायची. घाम यायचा आणि वाळायचाच नाही. ठमीच्या गालांवर आधी मोहरीएवढे लाल ठिपके उठले. मग कपाळावर उठले. मग मानेच्या वळ्यांत. शेजारच्या अनसूकाकी म्हणाल्या, "तेल चोप आणि वर पावडर लाव भरपूर." आईनं लावलं. ठिपके आणखीच फुलले. ठमी चिमुकल्या नखांनी गाल ओरबाडायची आणि रडायची.

त्या सकाळी तर तिनं दूधही घेतलं नाही. आईनं जवळ घेतलं की तोंड फिरवायची.

"आई, ठमी बरी होईल ना गं?" सोनकीनं विचारलं.

आई ठमीच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. मग उठली. "मला जायला हवं, सोनके. दुपार कलली की येईन तिला पाजायला. तेव्हा तरी प्यायली तर बरं. तू तिला सोडून कुठं जाऊ नकोस हं."

आईचा आवाज कापत होता. आईचा आवाज कापलेला सोनकीनं कधी ऐकला नव्हता.

झोपडी तव्यासारखी तापली. सोनकीनं ठमीला कडेवर घेतलं, पाण्याचा छोटा तांब्या घेतला आणि बांधापलीकडच्या जुन्या बागेत गेली. बागेत आता होतं तरी काय? चार सुकलेल्या जास्वंदी, एक वाकडं बकुळीचं झाड आणि एक कोरडी विहीर. पण बकुळीखाली टीचभर सावली होती.

तिथंच बाजूला, उन्हानं तापलेल्या चिखलात, एक पांढरं फुलपाखरू रुतून बसलं होतं. त्याच्या पंखांवर खारट चिखलाचा थर चढला होता.

"अगंबाई! भाजत असेल ना तुला?" सोनकी म्हणाली. तिनं त्याला अलगद उचलून सावलीत ठेवलं. तांब्यातलं पाणी बोटावर घेऊन पंखांवर थेंब थेंब सोडलं. घासलं मुळीच नाही. घासलं असतं तर पंखांवरची चमक निघून गेली असती. मग परकराच्या मऊ टोकानं तिनं पाणी नुसतं टिपून घेतलं.

आणि काय सांगावं! पंख हिरवे झाले, मग निळे, मग रुपेरी. बकुळीखाली वाळ्याचा गार गार वास दरवळला, आणि फुलपाखराच्या जागी एक बोटभर उंचीची परी उभी राहिली! तिच्या झग्याला दवाचे मणी होते, केसांत इवल्या इवल्या बकुळफुलांची माळ होती.

"मी शिरवळपरी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "जिथं गार सावली पडते तिथं मी राहते. या उन्हात माझी सावलीच संपत आली होती गं. माग, सोनुले. तीन इच्छा देते. पण नियम ऐकून घे. जे तुझ्या हातांनी होण्यासारखं आहे ते मागायचं नाही. सूर्य त्या पलीकडच्या माडांमागे जायच्या आत मागायचं. आणि 'लवकर' हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारलास की इच्छा वाफ होऊन उडून जाईल."

परीनं झग्यावरचे तीन मणी काढून सोनकीच्या तळहातावर ठेवले. इतक्यात ठमीनं पुन्हा गाल ओरबाडला. लालभडक ठिपक्यातून रक्ताचा बारीकसा थेंब आला. सोनकी घाबरून ओरडली, "माझ्या ठमीला बरं कर! लवकर!"

चुर्रर्र! पहिला मणी वाफ होऊन उडून गेला.

सोनकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी मुद्दाम नाही म्हटलं गं. मला फार भीती वाटतेय. ती दूध पीत नाहीये."

"ठाऊक आहे मला," परी हळुवारपणे म्हणाली. "पण घाबरलीस तरी हात थरथरू देऊ नकोस. नीट विचार कर. तिच्या गालांना काय हवंय?"

सोनकीनं ठमीकडे पाहिलं. तेल, पावडर आणि घाम मिळून चेहऱ्यावर चिकट लगदा झाला होता. तो धुवायला हवा होता. पण तांब्यात घोटभरच पाणी उरलं होतं, आणि खाडीचं पाणी तर खारट. सोनकीनं मोठा श्वास घेतला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "परीताई, या कोरड्या विहिरीत गोडं पाणी येऊ दे."

दुसरा मणी विहिरीत टपकन पडला. खोलवर कुठंतरी गुळगुळ आवाज झाला आणि निळंशार पाणी काठापर्यंत चढून आलं!

"आता धुते मी तिचं तोंड," सोनकी म्हणाली.

"धू. पण जसा माझ्या पंखांना हात लावलास, तसाच," परी म्हणाली.

सोनकीनं ठमीचे कपडे सैल केले. परकराचं टोक भिजवून हलक्या हातानं कपाळ पुसलं, मग गाल, मग मानेच्या वळ्या. सगळं तेल, सगळी पावडर निघून गेली. मग तिनं चेहरा कोरडा टिपला आणि बकुळीच्या पानाचा वारा घालत बसली. ठमीनं दोनदा हुंदका दिला. मग गप्प झाली. मग तिला झोप लागली.

पण ठिपके होते तसेच लाल होते.

"परीताई, गेले नाहीत!"

"कातडीला बरं व्हायला वेळ लागतो, राणी. वाट बघायची."

वाट बघणं किती अवघड असतं! सोनकी ठमीच्या छातीवर नजर लावून बसली. श्वास घेतेय ना? घेतेय. पुन्हा बघितलं. घेतेय. तिनं उरलेला मणी घट्ट मुठीत धरला. काहीही झालं तरी हा ठमीसाठीच ठेवायचा, तिनं ठरवलं.

तेवढ्यात बांधावरून बाया आल्या. पुढं आई होती, अनसूकाकींच्या खांद्यावर मान टाकलेली. तिचा चेहरा भाजून लालबुंद झाला होता, ओठांवर मिठाची पुटं होती.

"चक्कर आली गं तिला," अनसूकाकी म्हणाल्या. "वारा नाही, सावली नाही. सगळ्यांचीच तोंडं जळतायत. आणि अजून अर्ध्या वाफ्यांतलं मीठ ओढायचं राहिलंय."

सोनकीनं आईला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, हळूच तोंड धुतलं. सूर्य माडांच्या शेंड्यांना टेकला होता. मणी मुठीत थरथरत होता. हा दिला आणि ठमीला पुन्हा त्रास झाला तर? मग काय उरेल? पण या बाया उद्याही त्याच उन्हात उभ्या राहणार. आईसुद्धा.

तिनं मूठ उघडली. "परीताई, मिठागरांवर वारा येऊ दे. आणि काठानं सावली होऊ दे, सगळ्यांसाठी."

मणी टुणकन उडाला. खाडीवरून झुळूक आली, मग दुसरी, मग वारा सळसळत सुटला! बांधावर करंजाची कोवळी रोपं उगवली, सरसर वाढली आणि हिरवीगार सावली मिठागरांच्या कडेनं दूरवर पसरली. बाया पदर सोडून तोंडावर वारा घेऊ लागल्या. अनसूकाकी तर खुदकन हसल्याच.

सोनकीचे हात रिकामे झाले. तिला रडू आलं.

आणि ठमी जागी झाली. तिनं टुकूटुकू इकडेतिकडे पाहिलं. गाल ओरबाडले नाहीत. आईनं तिला जवळ घेतलं. सोनकीनं श्वास रोखून धरला. ठमीनं तोंड फिरवलं... आणि मग हळूच परत वळून चुटूचुटू दूध प्यायला लागली.

"प्यायली गं, सोनके!" आई म्हणाली आणि तिला हुंदकाच आवरेना.

सोनकीनं वर पाहिलं. शिरवळपरी बकुळीच्या फांदीवर बसली होती. "विहीर आटणार नाही, सावली हटणार नाही," ती म्हणाली. "पण सगळ्यांचे चेहरे बघितलेस, आणि स्वतःचा?"

सोनकीनं गालाला हात लावला. दिवसभराच्या उन्हानं तो चुरचुरत होता. तिला आत्ता कुठं कळलं.

आईनं ठमीला अनसूकाकींकडे दिलं. ओंजळीत गार पाणी घेतलं आणि सोनकीची हनुवटी धरून तिचा चेहरा अलगद, अगदी अलगद धुतला. सोनकीनं डोळे मिटून घेतले.

मिटल्या पापण्यांवर एक मऊ, सोनेरी, हिरवट प्रकाश पसरला. वाळ्याचा वास आला. तिनं डोळे उघडले तेव्हा फांदीवर कुणीच नव्हतं. नुसता प्रकाश पानापानांतून झिरपत होता, आणि आई तिच्या गालावरचं पाणी पदरानं टिपत होती.