रिकाम्या तोंडाची ठुमकी

ठुमकी मुंगी घरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. तोंडात ज्वारीचा दाणा. तोही स्वतः शोधलेला, म्हणून नाक वर.

नाक वर, तर पाय कुठं? उकिरड्यावरच्या उसाच्या बुडख्यावर. पाय घसरला. दाणा टुपकन बुडख्याच्या चिरेत.

आता आली पंचाईत. मुंग्यांच्या घरात रिकाम्या तोंडानं कुणाला घेत नाहीत.

"बुडखेदादा, दाणा दे."

बुडखा म्हणाला, "मी टणक. बारके मऊ करतील, तर देईन."

बारके म्हणजे उकिरड्यातले जंतू. इतके बारके, की दिसत नाहीत. बोलतात मात्र फार.

ठुमकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बारक्यांनो, थुंकून बुडखा मऊ करा. बुडखा दाणा देईना, मला घरी जाता येईना."

बारके म्हणाले, "आमची थुंकी साधी नाही. टणक ऊस विरघळवते. पण तोंड कोरडं पडलंय. शेण मिळेल, तर थुंकू."

ठुमकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"काजळीमावशी, शेण टाक. बारके थुंकेनात, बुडखा दाणा देईना, मला घरी जाता येईना."

काजळी म्हैस म्हणाली, "पोटात असेल तर पडेल ना गं? धोंडूकाका वैरण घालतील, तर टाकीन."

ठुमकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. काका घोंगडीवर. घुर्र घुर्र.

"काका, वैरण घाला. काजळी शेण टाकेना, बारके थुंकेनात, बुडखा दाणा देईना, मला घरी जाता येईना."

काका म्हणाले, "मी झोपलोय. कुणी उठवलं, तर घालीन."

असं होय? ठुमकीनं अंगठा धरला. कच्चकन.

काका उठले, टुणकन. वैरण घातली, सळसळ. काजळीनं खाल्ली, चरचर. आता सगळ्यांनी नाक धरा. शेण पडलं, थप्प थप्प.

काकांनी ते पाण्यात कालवलं, उकिरड्यावर शिंपडलं, फसाक. बारके थुंकले, थुचुक थुचुक. आज थुंकले, उद्या थुंकले, परवाही थुंकले.

बुडखा झाला मऊ मऊ. टणक उसाची झाली साखर. बारक्यांनी मिटक्या मारल्या. ठुमकीलाही थोडी चाटायला दिली.

आणि दाणा? टुपकन बाहेर, डोक्यावर हिरवी शेंडी घेऊन.

ठुमकी घरी आली. तुरुतुरु तुरुतुरु. दारातली थोरली मुंगी म्हणाली, "इतके दिवस कुठं उंडारत होतीस गं?"

ठुमकी काय सांगणार? तोंड भरलेलं.

"म्म्म," म्हणाली, आणि शेंडी हलवत आत गेली.