कांडोळावरचा करार

काम करून घेताना गोड बोलायचे आणि निरोप देताना ठरलेले द्यायचे टाळायचे, ही सरळसरळ चोरी आहे; मग करणाऱ्याला कुणी शेठ म्हणो की मालक. बालमित्रांनो, अशीच एक चोरी ज्या जंगलात उघड्यावर चालत असे, तिथे एक साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, राहत असे.

ही साळू एका अस्वलासाठी जमिनीतले कंद उकरी. तिला कामावरून काढले, तर तिने जितके हिवाळे काम केले तितके कंदांचे ढीग अस्वलाने तिला द्यायचे, असा करार होता. दर वर्षी पावसाळा सरला की सुतारपक्षी तो कांडोळाच्या पांढऱ्या बुंध्यावर चोचीने नव्याने कोरी आणि अस्वल खाली पंजा उमटवी. दर वर्षी नव्याने का, हे साळूने कधी विचारले नव्हते. रीत असेल, असे तिला वाटे. जंगलाचा नियम मात्र तिला ठाऊक होता : करार झाडावर वाचता येतो, तोवरच पंच गवा न्याय करी.

सहा हिवाळ्यांत साळूची नखे झिजली. अस्वलाने तिच्या जागी दोन तरण्या घुशी ठेवल्या आणि तिला घरी धाडले. आता स्वतःपुरते उकरणेही तिला जमेना. त्या सहा ढिगांवरच तिचे पुढचे दिवस निघायचे होते. ती मागायला गेली, तेव्हा अस्वल म्हणाले, "अगं साळूताई, तू का परकी आहेस? पळस फुलला की घेऊन जा." पळस फुलला. "एवढा मोह वेचून होऊ दे, ताई." मोहही वेचून झाला. सारखे मागणे बरे दिसत नाही, म्हणून साळू पोट आवळून गप्प बसली.

एका तापलेल्या दुपारी ती कांडोळाखाली विसावली असता सालीची एक गुंडाळी तिच्या पुढ्यात पडली. उलगडून पाहते, तो गेल्या महिन्यात कामावरून काढलेल्या सशाचा करार! पाचोळ्यात तशा आणखी कितीतरी गुंडाळ्या होत्या. कांडोळ दर उन्हाळ्यात साल टाकतो, हे तिला आज कळले. तिने मान वर केली. तिच्या कराराची कडही सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

तेवढ्यात अस्वल आले. "वारा बराच आहे, नाही का ताई?" ते म्हणाले. "दोन ढीग घे आणि मिटवून टाक. साल पडली, तर तेही नाहीत."

"सहा ठरलेत, शेठ," साळू म्हणाली.

"मग बघत बस वाऱ्याकडे!"

साळू वळली. तिने पाठ बुंध्यावर जोरात आपटली, आपल्या काट्यांनी ती साल झाडाला खिळवून टाकली आणि उरलेले काटे फुलवून तिथेच पाय रोवून उभी राहिली. अस्वलाने पंजा पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"सुतारदादा," साळूने वर हाक मारली, "पंचांना बोलावता का?"

"एवढंच ना? कधीचं सांगायचंस!" म्हणत सुतारपक्षी उडाला.

गवा आला. साळू बाजूला झाली; तिचे काटे मात्र सालीत रुतूनच राहिले. त्याने करार सावकाश वाचला आणि म्हणाला, "सहा ढीग. आजच." सूर्य मावळण्याआधी सहाही ढीग साळूच्या बिळाशी पोहोचले. सशाचा करार गळून पडला होता. त्याला काहीच मिळाले नाही.

तात्पर्य : हक्काचे आहे ते वेळेत आणि ठणकावून मागावे, मालकाच्या गोड बोलण्यावर मुदत संपू देऊ नये.

"आणि करार कोणत्या झाडावर कोरतोय, तेही विचारावं," सुतारपक्षी वरून म्हणाला. "मला आजवर कुणी विचारलंच नाही."